निळ्या डोक्याचा जिराफ

“वाकला की त्याचं डोकं हिरवं व्हायचं. उभा राहिला की परत निळं,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या, आणि चहाच्या खोलीतल्या सगळ्याजणी त्यांच्याकडे बघायला लागल्या.

“कुणाचं डोकं?” आयामावशींनी विचारलं.

“जिराफाचं. गंमतनगरच्या जाहिरातीतला. बूट घातलेला. आठवत नाही का कुणालाच?”

दुपारची औषधं देऊन झाली होती, पेशंटचे नातेवाईक अजून आत सोडले नव्हते, आणि वॉर्डातली सगळ्यात लहान नर्स, जिला सगळे चिमणी म्हणत, ती फोनवर टीव्हीच्या जुन्या जाहिराती लावून बसली होती. साबणाच्या झाल्या, दंतमंजनाच्या झाल्या. सगळ्यांनी गळा काढून गाणी म्हटली. मग निघाल्या पाळण्यांच्या नि घसरगुंड्यांच्या बागांच्या जाहिराती. त्या कुणी केल्या आणि काय खाऊन केल्या, देव जाणे! एकीत कोट घातलेला माणूस भल्यामोठ्या कपात बसून गरगर फिरत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर घरात कुणीतरी गेल्याचं दुःख होतं. दुसरीत एक अस्वल काही न बोलता नुसतं समोर बघत राही आणि खाली टेलिफोन नंबर. मुलांना बोलावायची ही रीत! तरी मुलं त्या जाहिरातींवर जीव टाकत, आणि आता त्याच मुली पन्नाशीला टेकून हसून हसून डोळे पुसत होत्या.

म्हणून सिस्टरांना त्यांचा जिराफ आठवला. तो एका न्हाणीघरातून बाहेर यायचा. समोर एक टकलू काका उभे असायचे. जिराफ खाली वाकून काकांच्या बुटाची नाडी बांधायचा, मग उभा राहायचा, आणि एक मुलगी कुजबुजायची, “घरी कोणी नाही. सगळे गंमतनगरला गेले.” बस. ना पाळणा दाखवायचे, ना घसरगुंडी.

“निळं डोकं, नारिंगी पोट, हिरवे पाय,” सिस्टर म्हणाल्या. “आमच्याकडे तेव्हाही रंगीत टीव्ही होता ना, म्हणून मला रंग पक्के आठवतात.”

“सिस्टर, रात्रपाळी फार करता तुम्ही,” आयामावशी म्हणाल्या आणि सगळ्याजणी खदखदून हसल्या. सिस्टरही हसल्या. पण मनातून धसकल्या त्या धसकल्याच.

त्याला कारण होतं. सिस्टरांच्या आईचं शेवटी डोकं गेलं होतं. लोकांना वाटतं, असं माणूस आधी विसरायला लागतं. आईचं उलट झालं. आईला आधी नसलेल्या गोष्टी आठवायला लागल्या. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू फार आवाज करतात, असं ती सांगायची. आवाज कसला, त्यांच्या घराला वरचा मजलाच नव्हता. सगळे हसले तेव्हा. सिस्टर सगळ्यात जास्त हसल्या होत्या. विसरणं पुढं आलं, आणि आलं ते सगळं धुऊन घेऊन गेलं.

आता सिस्टर त्याच वयाच्या आसपास पोचत होत्या. परवाच औषधांचं कपाट उघडून त्या क्षणभर नुसत्याच उभ्या राहिल्या होत्या, कशाला उघडलं तेच आठवेना. एरवी असं कुणाचंही होतं. पण मन चिंती ते वैरी न चिंती. तेव्हापासून अंघोळ करताना त्या नर्सिंगच्या वर्गातल्या मुलींची नावं हजेरीच्या क्रमानं म्हणायच्या, भाजी चिरताना औषधांचे डोस उलटे म्हणून बघायच्या. सगळं बरोबर यायचं. तरी धाकधूक जात नव्हती, कारण धास्ती विसरण्याची नव्हतीच. नसलेलं आठवण्याची होती.

रात्री जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं नवऱ्याला विचारलं, “अहो, तुम्हाला जिराफाची जाहिरात आठवते का हो एखादी?”

नवऱ्याचं कपडे धुऊन इस्त्री करून द्यायचं दुकान होतं आणि रात्री जेवताना त्याच्या डोक्यात फक्त डाग असत. “आमच्याकडे टीव्ही कुठं होता? मी जिराफ थेट पुस्तकातच पाहिला. का गं?”

“काही नाही. सहज.”

“ते शर्टावर शाई सांडून आणलीय एकानं. शाई जाईल, पण शर्टही जाईल,” तो म्हणाला, आणि विषय शाईकडे गेला. सिस्टरांनी तो जाऊ दिला. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्यानं दुकान बंद करून त्यांना डॉक्टरकडे नेलं असतं, आणि डॉक्टरकडे जाण्याचीच तर भीती होती. दवाखान्यात जन्म गेला तरी स्वतःच्या बाबतीत माणूस अडाणीच राहतं.

दोनच दिवसांत चिमणी नाचत आली. “सिस्टर! सापडला तुमचा जिराफ! कुणीतरी जुनी कॅसेट उतरवून टाकलीय.”

सगळ्या गोळा झाल्या. न्हाणीघराचं दार उघडलं. जिराफ बाहेर आला, पायात बूट. टकलू काका. नाडी. मुलीची कुजबुज. एकूण एक गोष्ट सिस्टरांनी सांगितल्यासारखी होती. फक्त जिराफ पिवळा होता. डोक्यापासून पायापर्यंत पिवळा, वर तपकिरी ठिपके, चारचौघा जिराफांसारखा. तो वाकला. डोकं पिवळंच राहिलं.

“हा नव्हे,” सिस्टर म्हणाल्या.

“अहो, हाच की! बूट आहेत, काका आहेत...”

“माझा निळा होता.”

“सिस्टर, रंगाचं काय एवढं? लहानपणी पाहिलेलं. थोडं इकडंतिकडं होणारच,” चिमणी समजुतीच्या सुरात म्हणाली. तोच सूर सिस्टरांना ओळखीचा वाटला. आईशी बोलताना त्या स्वतः तोच सूर लावत. हो आई, भाडेकरूंना सांगते हं आवाज कमी करायला.

जाहिरात सापडली नसती तर बरं झालं असतं. निदान ‘हरवली असेल’ म्हणता आलं असतं. आता बाकी सगळं खरं ठरलं होतं आणि खोटा होता तो फक्त त्यांच्या डोक्यातला रंग. तोसुद्धा असा तसा नाही. डोळे मिटले की अजून लख्ख दिसत होता. वाकला की हिरवा, उठला की निळा. ज्या डोक्याला पिवळा जिराफ तीन रंगांत दिसतो, त्या डोक्यानं उद्या औषधाच्या बाटलीवर काय वाचलं तर? आपलं काय व्हायचं ते होवो, पण तेरा नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा काय दोष?

सोमवारी सकाळी त्यांनी मेट्रनबाईंच्या टेबलावर अर्ज ठेवला. औषधांच्या कपाटाची किल्ली दुसऱ्या कुणाकडे द्यावी आणि मला चादरी-कपड्यांच्या खोलीत बदली द्यावी.

मेट्रनबाईंनी चष्मा काढला. “कपड्यांच्या खोलीत? तुम्ही? काय झालं?”

“पाय दुखतात.”

“पाय तिथंही दुखतील,” बाई म्हणाल्या. “संध्याकाळी वर पाठवते. तोवर विचार करा.”

नेमका त्याच दिवशी दादा आला. दादा म्हणजे सिस्टरांचा थोरला भाऊ. मोतीबिंदू किती पिकलाय ते दाखवायला त्याला याच हॉस्पिटलात यायचं होतं. खरं तर सिस्टरांनी पहिला फोन दादालाच करायला हवा होता, त्या घरात त्यांच्यासोबत वाढलेलं दुसरं होतं कोण? पण आईचं सगळं दादानं आणि वहिनीनंच केलं होतं. ‘दादा, मला नसलेले रंग आठवतात’ एवढं म्हटलं असतं की पुढचं दादाला सांगावं लागलं नसतं. म्हणून सिस्टरांनी तोंडाला कुलूप घातलं होतं.

डोळ्याच्या विभागातून त्या त्याला हाताला धरून कँटीनमध्ये घेऊन आल्या. डोळ्यांत थेंब घातल्यामुळे दादाला धड काही दिसत नव्हतं. काळा चष्मा लावून तो एखाद्या सिनेमातल्या खलनायकासारखा बसला आणि त्यानं बशी समजून सिस्टरांच्या हातावर बिस्किट ठेवलं.

“काय गं छोटे, गप्प का?”

“कुठं गप्प?”

“मोतीबिंदू डोळ्याला झालाय, कानाला नाही. मघापासून तू चमचा ढवळतेयस आणि साखर तर तू सोडलीस कधीच.”

सिस्टरांनी फोन काढला आणि गंमतनगरची जाहिरात लावून त्याच्यासमोर धरली. “हे बघ. आठवतं का?”

“अगं, मला तुझं तोंड दिसेना, ते काय दिसणार! तूच सांग काय आहे.”

मग सिस्टरांनी सांगितलं. त्यांना आठवत होतं तसंच सांगितलं, म्हटलं एकदाचं होऊन जाऊ दे. न्हाणीघर, बूट, काका. निळं डोकं, नारिंगी पोट, हिरवे पाय. “आणि दादा, तो वाकला ना, की डोकं हिरवं व्हायचं. उठला की...”

“की निळं!” दादा म्हणाला, आणि इतक्या जोरात हसला की शेजारच्या टेबलावरच्या माणसानं चहा सांडला. “आणि बातम्या देणाऱ्या बाईंचे केस निळे! कागदपत्रं हिरवी! अरे देवा, छोटे, तुला अजून माहीत नाही?”

“काय माहीत नाही?”

“अगं वेडे, तो कागद होता! प्लास्टिकचा. वर निळा, मध्ये नारिंगी, खाली हिरवा. बाबांनी टीव्हीच्या काचेवर चिकटवला होता. आपला टीव्ही रंगीत कुठला, काळापांढराच होता!”

सिस्टर त्याच्याकडे बघत राहिल्या. वर निळा, खाली हिरवा. जे वर ते निळं, जे वाकेल ते हिरवं. त्यांनी जन्मभर लोकांना सांगितलं होतं, की आमच्याकडे लहानपणीच रंगीत टीव्ही होता. नवऱ्याला सांगितलं होतं, मुलांना सांगितलं होतं. मुलांनी ते शाळेत सांगून भावही खाल्ला होता.

“म्हणजे मला दिसत होतं ते खरंच होतं?”

“दिसत होतं ते खरंच. आम्हा सगळ्यांनाच दिसत होतं.”

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते सिस्टरांना तेव्हा कळलं. त्यांना एकदम भूक लागली. दादाची बिस्किटंही त्यांनीच खाल्ली. आपलं डोकं ठिकाणावर होतं. एका प्लास्टिकच्या कागदासाठी आपण कपड्यांच्या खोलीत निघालो होतो! हसू आलं, मग राग आला.

“मला कुणी सांगितलं का नाही रे?”

“बाबांनी शपथ घातली होती. ते कोपऱ्यावरचे इंजिनियर, त्यांच्याकडे खरा रंगीत आला. तू बघायला गेलीस आणि त्यांच्या बाईंनी दार लावून घेतलं. रडत आलीस तू. जेवली नाहीस. दुसऱ्या दिवशी बाबा तो कागद घेऊन आले. मोठा होता, बसेना, आईनं शिवणाच्या कात्रीनं कापला. तू शाळेतून आलीस आणि ओरडलीस, ‘रंग आले, रंग आले!’ बाबा मला मागं घेऊन गेले. म्हणाले, तू मोठा आहेस, तुला कळलं तर कळलं. छोटीला सांगायचं नाही.” दादानं काळा चष्मा वर सरकवला. “मला राग यायचा तुझा. तू एकटी रंगीत बघायचीस. आम्ही तिघं तुझ्याकडे बघत बसायचो.”

“पण नंतर तरी सांगायचंस. एवढी वर्षं...”

“सांगणार होतो. आई गेल्यावर सांगेन म्हटलं. पण त्याआधीच तिचं ते शेवटचं झालं आणि मग सांगवेना.”

“शेवटचं काय?”

दादानं चाचपडत कप शोधला, पण उचलला नाही. “आई मला ओळखत नव्हती तेव्हा. कुणालाच नव्हती ओळखत, तुला तर माहीतच आहे. तू आलीस की तुला डॉक्टरीणबाई म्हणायची. एकदा मी टीव्हीच्या मागची वायर बघत होतो, तर मला टीव्ही दुरुस्त करणारा समजली. जवळ आली, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, ‘अहो, तो कागद काढलात तरी धाकटी शाळेतून यायच्या आत परत लावा हं. तिला माहीत नाहीये.’”

कँटीनमध्ये कुणीतरी नंबर पुकारत होतं. दादाला काही दिसत नव्हतं, म्हणून सिस्टर मोकळेपणानं रडल्या. आवाज मात्र त्यांनी होऊ दिला नाही. दादानं टेबलावर हात सरकवत सरकवत त्यांचा हात शोधला आणि नुसता धरून ठेवला.

“डोळ्याचं औषध उतरायला वेळ लागेल तुझ्या,” थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. “इथंच बस. मी आलेच.”

मेट्रनबाई उठायच्या बेतात होत्या. अर्ज अजून टेबलावरच होता.

“तो परत द्या,” सिस्टर म्हणाल्या.

“पाय थांबले दुखायचे?”

“दुखतात. दुखू देत.”

बाईंनी त्यांच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं आणि अर्ज हातात दिला. सिस्टरांनी तो तिथंच फाडला. वॉर्डात चिमणी गोळ्यांचा ट्रे घेऊन खोळंबली होती. संध्याकाळच्या औषधांची वेळ झाली होती. सिस्टरांनी हात धुतले, कमरेची किल्ली काढली आणि कपाट उघडलं.