सुतकातली साक्ष

रविवारी दुपारी विद्युलता गच्चीवरचे वाळलेले कपडे घेऊन खाली आली, तर दारात एक अनोळखी माणूस उभा होता. पांढराशुभ्र शर्ट, डाव्या भुवईवर जुनी खोक. कौशिक आहेत का, असं त्याने इंग्रजीत विचारलं.

"ते टीमबरोबर हॉटेलवर असतात," ती म्हणाली. ऊन मी म्हणत होतं, म्हणून तिने त्याला पाणीही दिलं. सासू-सासरे आत झोपले होते. पाणी पिऊन तो निघून गेला.

तिचा नवरा कौशिक चेपॉकच्या क्रिकेट सामन्यासाठी आलेल्या परदेशी संघाचा स्थानिक व्यवस्थापक होता. संघाची बस, सराव, जेवणखाण सगळं त्याच्याकडे. एग्मोरच्या हॉटेलात तो संघासोबतच मुक्कामाला होता. घराणं तंजावरी मराठ्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या मद्रासेत राहिलेलं. विद्युलता मात्र नाशिकची. नोकरीसाठी मद्रासच्या गिंडीला आली आणि कौशिकशी लग्न करून त्रिप्लिकेनच्या या घरात रुळली.

संध्याकाळी कौशिकचा फोन आला. आवाज दबलेला होता.

"घरी कोणी आलं होतं?"

तिने त्या माणसाचं वर्णन सांगितलं.

"तोच. हॉटेलवर येऊन बोलरचा खांदा दुखतोय का, उद्या कोण खेळणार, सगळं विचारत होता. मी हाकलला त्याला. तर म्हणतो, तुझं घर बघून आलोय. विद्या, दार उघडू नको कुणाला. सकाळी मी संघाच्या मॅनेजरला सगळं सांगणार आहे."

सकाळी कौशिक हॉटेलच्या न्हाणीघरात मृतावस्थेत सापडला.

दुपारपर्यंत सगळ्या वाहिन्यांवर तेच. संशयास्पद मृत्यू, सट्टेबाजीची शंका, मालिका रद्द होणार का? जगभरचे लोक त्याच्या मरणावर बोलत होते. फक्त त्याची बायको माजघराच्या कोपऱ्यात चटईवर बसून होती. तिथून उठायचं नाही, परक्याच्या नजरेस पडायचं नाही, असं सासूबाईंनी, राजसबाईंनी, बजावलं होतं.

एक पोलीस निरीक्षक घरी आले. बूट बाहेर काढून, हात जोडून म्हणाले, "त्यांचा शेवटचा फोन पत्नीला होता. दोन शब्द बोलायचे होते."

विद्युलता ताडकन उठली. राजसबाईंनी तिचा हात धरला.

"कसाला उठ्लीस, पोरी? आंत बस. सुतकांत बाईनं परक्या पुरुषासमोर जायाचं?"

"अम्मा, मी त्या माणसाला पाहिलंय! मला सांगू दे!"

"नवरा खाल्लास, आता घराची अब्रू खाणार?"

बाहेर सासरे चंद्रमौळी निरीक्षकांना सांगत होते, "तिला काई ठाव नाही, सार." साहेब परतले. चंद्रमौळी आत आले. सुनेपुढे त्यांनी हात जोडले.

"कार्य होऊ दे, बाळा. मग मी स्वतः नेतो तुला. नातलग काय म्हण्टील? आम्हांला चौघांत राहायचं आहे." असं म्हणत त्यांनी तिचा मोबाइल उचलून कपाटात ठेवला.

दहाव्याला बायकांनी तिला नवी साडी नेसवली, केसांत फुलं माळली, हात भरून बांगड्या घातल्या. आणि मग एकेक करून सगळं उतरवलं. कपाळ पुसणारा हात कुणाचा, हे तिने पाहिलं नाही. ती मनातल्या मनात तो चेहरा घोकत होती. डावी भुवई, खोक, पांढरा शर्ट. विसरायला नको.

कार्य उरकताच चंद्रमौळींनी शब्द पाळला. निरीक्षकांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि हताशपणे खुर्चीला टेकले.

"मॅडम, हॉटेलच्या कॅमेऱ्याच्या टेप आठवड्यात पुसून परत वापरतात. संघ गेला. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला. तेव्हाच का नाही बोललात?"

तिने सासऱ्यांकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते.

घरी आल्या आल्या राजसबाई रडत पुढे आल्या. हातात संध्याकाळचा पेपर होता. सट्टेबाजांना आतली बातमी कौशिकच पुरवत असे, असं त्यात छापलं होतं.

"अय्यो, माझ्या पोराला चोर म्हण्टात! तू बायको त्याची. तू सांगाया पायजे होतंस! कसाला गप बसलीस गे?"

विद्युलताने चपला काढल्या नाहीत.

"अम्मा, चला पेपरच्या कचेरीत. आत्ता. मी पाहिलं ते मी सांगते. मला कुणी गप्प बसवलं, ते तुम्ही सांगा."

राजसबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या जागच्या हलल्या नाहीत.

ती एकटीच गेली. संपादकांनी चहा दिला, पुरावा मागितला आणि काहीच छापलं नाही. पुढल्या महिन्यात चेपॉकला नवा सामना झाला, तिकिटांसाठी रांगा लागल्या. कौशिकचं नाव निघालं की आजही लोक एकमेकांकडे बघून हसतात.

तो कसा मेला, हे आता कुणालाच कळायचं नाही. पण जिला सांगता आलं असतं तिला कोपऱ्यात कुणी बसवलं, हे त्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आणि कार्याला येऊन, पान वाढून घेऊन, जेवून गेलेल्या सगळ्यांनाही.