क्लाउडला विरोध चार, बाजूने एक

चाकांच्या खुर्च्या बनवणाऱ्या त्या कंपनीत संगणक सांभाळणाऱ्या वायरकाकांना अकरा वर्षांत सलग चार दिवसांची सुट्टी मिळाली नव्हती. कारण एकच, कंपनीचा सर्व्हर. दुसऱ्या मजल्यावर, बोळाच्या टोकाला, बिनखिडकीच्या खोलीत तो घों घों करत बसलेला असे. खुर्च्यांची ड्रॉइंगं, एकमेकांना पाठवलेले निरोप, बैठकांच्या वेळा, कुठली खोली कोणी कधी अडवून ठेवली आहे, सगळं त्याच्या पोटात. आणि वायरकाका गावाबाहेर पडले रे पडले, की त्या पोटात कळ यायची. मेहुणीच्या लग्नातल्या झाडून सगळ्या फोटोंत काका कानाला फोन लावून, मान खाली घालून उभे आहेत. बघणाऱ्याला वाटावं, या माणसाचा लग्नालाच विरोध होता.

शेवटी बायकोने निर्वाणीचं सांगितलं, "या वर्षी मी समुद्रावर जाणार. तुम्ही आलात तर तुमच्याबरोबर, नाहीतर बहिणीबरोबर. त्या डब्याला विचारून काय ते कळवा."

म्हणून काकांनी दीड पानी प्रस्ताव लिहिला. सगळं काम क्लाउडवर न्यायचं. म्हणजे यंत्र दुसऱ्याचं, ते कुठेतरी लांब, आपण फक्त इंटरनेटवरून वापरायचं. बिघडलं तर त्यांनी धावायचं. काकांना वाटलं, चहा निवायच्या आत प्रस्ताव मंजूर होईल. सर्व्हरच्या नावाने खडे फोडल्याशिवाय कंपनीत कोणाचा दिवस सुरू होत नसे.

बैठक भरली. कारखान्यात नापास झालेल्या खुर्च्या ऑफिसात वापरायची पद्धत होती, त्यामुळे स्थिरस्थावर व्हायला पाच मिनिटं गेली.

"माझा विरोध आहे," धाकटे साहेब म्हणाले. ते मालकीणबाईंचे दीर, विक्रीचं काम बघत. "आपली गुपितं परक्याच्या दारात नेऊन ठेवायची?" त्यांची खुर्ची हळूहळू खाली चालली होती, त्यामुळे शेवटचे शब्द टेबलाच्या काठावरून आले.

"कोणती गुपितं, साहेब?"

"सांगितलं तर गुपित कसलं?"

गोदामाचे आप्पा खाकरले. सर्व्हरवरच्या प्रोग्राममध्ये खोली अडवून ठेवण्यापलीकडे आप्पांना काही येत नसे. ते म्हणाले, "काका, त्या यंत्राशी माझं नातं आहे हो. दुपारी घटकाभर त्याच्याजवळ बसलं की जिवाला कसं शांत वाटतं."

"ड्रॉइंगं थंड जागीच बरी," खुर्च्यांची डिझाइनं करणारी मुलगी घाईघाईने म्हणाली. "म्हणजे... सुरक्षित जागी."

सगळ्यांनी मालकीणबाईंकडे पाहिलं. बाई पेनाशी खेळत होत्या. "इतकी वर्षं इमानेइतबारे चाललंय. माझाही विरोधच. चार विरुद्ध एक. तरी सोमवारी पुन्हा बसू."

काकांचे डोळे भरून आले. सगळ्या कंपनीचा यंत्रावर एवढा जीव, आणि घरभेदी निघालो तो मीच!

घरी आल्यावर त्यांनी हे सगळं बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "अकरा वर्षं शिव्या घालतात, आणि आज एकदम प्रेम? कुठेतरी पाणी मुरतंय. त्या खोलीत दुसरं काय आहे?"

"काय असणार? वायरी आणि थंडी. अख्ख्या इमारतीत नीट चालणारा ए.सी. तेवढाच."

"तुम्ही किती वेळ असता तिथे?"

"सकाळी दहा मिनिटं, मफलर गुंडाळून. मला कुठे सोसतं ते?"

"हं," बायको म्हणाली. ती "हं" म्हणाली की पुढे काहीतरी निघतंच, हा काकांचा अनुभव होता.

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी तो ए.सी. बंद पडला. सर्व्हर तापायच्या आत थांबवणं भाग होतं. काकांनी सगळ्यांना शेवटचा निरोप धाडला, "ए.सी. बंद. सर्व्हर थांबवतोय. मेकॅनिकला जागा हवी, म्हणून खोली रिकामी करतोय." मग बटण दाबलं आणि ‘माझी फाईल कुठे गेली’ असे फोन यायची वाट बघत बसले.

एकही फोन आला नाही. आली ती धावणाऱ्या पावलांची धडधड.

सर्वांत पुढे आप्पा. लिफ्टशिवाय एक मजला न चढणारे आप्पा जिन्याने आले आणि ‘जुन्या केबली’ लिहिलेल्या खोक्यावर अक्षरशः झेपावले. खोका उलटला. आतून उशी, रजई आणि डोळ्यांवर बांधायची पट्टी बाहेर पडली.

"आप्पा, हे काय?"

"केबली गुंडाळायला," आप्पा म्हणाले, पण त्यांच्याच्याने पुढे खोटं बोलवेना.

तोवर डिझाइनवालीने सर्व्हरच्या मागे हात घालून चेहऱ्याला लावायच्या लेपांच्या सात बाटल्या काढल्या होत्या. "उन्हाळ्यात पातळ होतात हो," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. धाकटे साहेब मात्र सरळ कपाटाशी गेले आणि एक चौकोनी डबा कोटाखाली सरकवून पाठमोरेच दाराकडे निघाले. दारात त्यांना नेमक्या मालकीणबाई आडव्या आल्या.

"भाऊजी, कोटाखाली काय आहे?"

"फाईल."

"फाईलला क्रीम लागलंय."

साहेबांना डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं, आणि त्यावर पहारा वहिनींचा. तीन थरांचा केक टेबलावर आला. कोणी कोणाकडे बघेना. मग काकांना सुचलं. "पण बाई, तुम्ही का धावत आलात?"

बाईंनी पदर सारखा केला. "माझं एक पुस्तक राहिलंय."

ते गाण्याचं पुस्तक होतं. बाईंनी वयाच्या चोपन्नाव्या वर्षी गाणं शिकायला घेतलं होतं, आणि घरचे दारं लावून घेत. "इथे आवाज बाहेर जात नाही. शिवाय या सर्व्हरचा सूर अगदी पेटीच्या काळी चारचा आहे. मला तोच लागतो," त्या म्हणाल्या.

म्हणजे प्रोग्राममध्ये रोज तासातासाने ‘सर्व्हरची पाहणी’ म्हणून ही खोली अडवली जात होती, ती यासाठी! काकांनी कपाळावर हात मारला. पण राग यायच्या ऐवजी त्यांना हायसं वाटलं.

"अहो, फायली क्लाउडवर नेतोय मी! थंडी कुठे नेतोय? ए.सी. दुरुस्त होईल, खोली इथेच राहील."

मग आप्पांनी उशी छातीशी धरून हात वर केला. "मग माझा पाठिंबा."

"परक्यांवरही कधीतरी विश्वास टाकावा लागतो," धाकटे साहेब म्हणाले. डिझाइनवालीने दोन्ही हात वर केले.

"आणि माझा सूर?" बाईंनी विचारलं.

"जुनं यंत्र रिकामंच इथे ठेवतो. गाताना बटण दाबायचं."

एका मिनिटात ठराव मंजूर झाला. केक बाईंनी सगळ्यांत वाटला, दिराला मात्र सुरी चाटू दिली नाही. हलवाहलवीला तीन आठवडे लागले. मध्ये एकदा आप्पांनी कुठलंसं बटण दाबून आपला खुर्चीत झोपल्याचा फोटो सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवला. त्या दिवशी खुर्च्यांची मागणी वाढली. लोकांना वाटलं, ती जाहिरात आहे.

आणि एका गुरुवारी काका बायकोबरोबर समुद्रावर गेले. पहिल्या दिवशी फोन वाजला नाही, म्हणून ते खूश होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन बिघडलाय का ते दोनदा तपासलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्याने राहवेना. बायको पाण्यात पाय बुडवायला गेल्याचं बघून त्यांनी हळूच ऑफिसात आप्पांना फोन लावला.

"हॅलो, मी वायरकाका. सगळं ठीक आहे ना?"

"झकास!" आप्पा कुजबुजले. "हळू बोला ना, आत्ताच डोळा लागला होता. तुम्ही मजा करा हो, इथे तुमची काही गरज नाही."

बायको परत आली तेव्हा काका वाळूत रेघोट्या मारत होते.

"तोंड का उतरलंय? काही बंद पडलं का?"

"सगळं चालू आहे." काकांनी सुस्कारा सोडला. "निदान एखादी फाईल तरी अडकायला हवी होती गं."

बायकोने त्यांच्या हातातला फोन काढून घेतला, आपल्या पर्समध्ये टाकला आणि टपरीवाल्याला दोन कॉफी सांगितल्या.