गावपळणीत राहिलेला फोटो

तोरसुळ्यात इलोनाला इलोना कुणी म्हणत नसे. हंगेरीहून आलेली ही गोरी बाई गावाची कधीच इळूबाय झाली होती. आली होती समुद्र बघायला. मसुऱ्याकडच्या एका देवळात सहज टेकली आणि समोर कीर्तन उभं राहिलं. भाषेचं अक्षर कळत नव्हतं. पण मध्यंतरात बुवांच्या कपाळाला बुक्का लागला, गळ्यात हार पडला, उत्तररंगाला त्यांनी चिपळ्या उचलल्या आणि बाईचे डोळे भरून आले. ज्याला कीर्तन लागतं त्याला ते असंच लागतं. ती राहिली. हौसाबाईच्या घराची मागची खोली भाड्याने घेतली, भाषा शिकली, झांज शिकली. केस पांढरे झाले तरी गुरुप्रसादबुवांच्या मागे झांज धरायला इळूबायच लागे.

फक्त दर वर्षी एकदा इळूबायची पुन्हा इलोना व्हायची. व्हिसाची मुदत संपत यायची आणि कागदांची पिशवी खुंटीवरून खाली उतरायची. कणकवलीला जाऊन संगणकावर अर्ज भरायचा. हौसाबाईची घरपट्टीची पावती, विजेचं बिल, बँकेचं पुस्तक, दोन्ही कान दिसतील असा फोटो. मग जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन बाकावर बसायचं. तिथला कारकून आता ओळखीचा झाला होता.

"राहण्याचं कारण काय लिहू?"

"कीर्तनसंगीताचा अभ्यास."

"अजून संपला नाही तुमचा अभ्यास?"

"साहेब, बुवांचाच अजून संपलेला नाही."

तो हसायचा, शिक्का मारायचा. मग पोलीस घरी येऊन बघून जायचे, हौसाबाई त्यांना सोलकढी द्यायची आणि एक वर्ष मिळायचं. साठी उलटलेल्या बाईला आणखी काय हवं होतं? बुडापेस्टमध्ये तिचं कुणी उरलं नव्हतं. जे होतं ते या खोलीत होतं.

यंदा मात्र मुदत संपायच्या सुमारालाच देवाने गावपळणीचा कौल दिला.

तोरसुळ्याची ही जुनी रीत. काही वर्षांनी एकदा सगळा गाव घरंदारं टाकून शिवेबाहेर पडतो. गुरं, कोंबड्या, मांजरं, तान्ही पोरं, अंथरुणाला खिळलेली म्हातारी, सगळे. तीन दिवस गावात माणसाची चाहूल नाही, गाव देवाचा. शिवेवरच्या ओढ्यापलीकडे, व्हाळापलीकडे, झावळांच्या खोपी उभ्या राहतात, चुली पेटतात, फुगड्या होतात, भजनं होतात. चौथ्या दिवशी देव कौल देईल तेव्हाच परत. तोवर शिवेच्या आत पाऊल टाकायचं नाही.

इलोना आधीच गावाचे मानकरी सत्यवान गावकर यांच्या अंगणात गेली.

"काका, माझी पोलीस चौकशी येवची आसा. मी घरात ऱ्हवलंय तर चलात काय? मी तशी भायरची…"

सत्यवानकाकांनी सुपारी कातरता कातरता अडकित्ता खाली ठेवला. "भायरची? कोण म्हणता भायरची? देवाक काय पासपोर्ट दिसता? तू गावची गो! गाव भायर, तर तूय भायर."

ती परत आली तेव्हा हौसाबाई टोपलीत कोंबड्या कोंबत होती. इलोनाचा चेहरा बघून म्हणाली, "काय गो, देव भेटलो काय वाटेत?"

"काका म्हणाले, मी गावची."

"आता कळला त्येका? माका तर तू पयलो भात करपवलंस तेव्हाच कळलेला." आणि दोघी हसत हसत कडी अडकवून निघाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हाळाकाठच्या आंब्याखाली गुरुप्रसादबुवांचं कीर्तन चाललं होतं. आख्यान वनवासाला निघालेल्या राजाचं. राजा निघतो, सगळं नगर रडत त्याच्या मागे निघतं. नदी येते. बुवा थांबले, चिपळ्या छातीशी धरल्या आणि हळू आवाजात म्हणाले, "नदीपर्यंत सगळे येतात हो, नदीपर्यंत! त्यापुढे?" आणि अभंगाला सुरुवात करणार, तोच पलीकडच्या काठाला, गावाच्या बाजूला, मोटरसायकल थांबली.

हवालदार जितेंद्र. घाटावरून नुकताच बदलून आलेला. सगळं गाव पालथं घालून आला होता, एकाही घरात माणूस नाही बघून बिचारा घाबरला होता.

"इलोना मॅडम इथे आहेत का? व्हेरिफिकेशन आहे. घराच्या दारात उभं राहून एक फोटो लागेल. ठिकाणाची नोंद फोटोतच होते, म्हणून दारातच पाहिजे. पाच मिनिटं चला."

इलोनाने झांज खाली ठेवली. व्हाळात पाणी पोटरीइतकंही नव्हतं. दोन ढांगांत पलीकडे.

सत्यवानकाका पुढे झाले. "साहेब, परवा येवा. आता शिवेत कोण जावचो नाय. देवाची रीत आसा."

"परवा कसा येऊ? उद्यापासून आम्ही सगळे आंगणेवाडीच्या जत्रेच्या बंदोबस्ताला. आणि रिपोर्ट आजच पाठवायचाय, ह्यांची मुदत संपतेय. अहो, ह्या तुमच्या देवाच्या थोड्याच आहेत? ह्या तर फॉरेनर!"

"फॉरेनर तुमच्या कागदार," काका गरजले. "हयसर ती आमची लेक. लेकीक देवाची शीव मोडूक लावतास?"

मागून पाचपन्नास गळे उठले, "बरोबर आसा!" विनीता, समोरच्या घरातली, तावातावाने म्हणाली, "इळूबाय आमच्यातली! ती नाय जावची!"

कुणी हात धरला नाही, हे खरं. ती जाऊ शकत होती. हौसाबाई तेवढी कानाशी म्हणाली, "जा गो बाय. देव रागावलो तर मी बघून घेतंय त्येका." पण इलोनाने त्या सगळ्या तोंडांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सगळा गाव तिच्यासाठी एका आवाजात बोलत होता. ज्यांनी आपलं म्हटलं त्यांच्यासमोर शीव कशी ओलांडायची? ती हवालदाराला म्हणाली, "माफ करा. नाही येता येणार."

जितेंद्रने डोकं खाजवलं. माणूस वाईट नव्हता. "मग मला 'पत्त्यावर आढळली नाही' असंच लिहावं लागेल. पण घाबरू नका. नंतर दोन शेजाऱ्यांचे सहीनिशी जबाब द्या, की ह्या कायम इथेच राहतात. घरमालकीण चालणार नाही, शेजारीच हवेत. तेवढ्याने काम होईल."

"दोन?" काका हसले. "दोनशे देतंव!"

बुवांनी अभंग उचलला. त्या दिवशी इलोनाची झांज अशी वाजली की बुवांनीही वळून बघितलं.

चौथ्या दिवशी देवाने कौल दिला, गाव वाजतगाजत आत आला आणि देवळासमोर गाऱ्हाणं झालं. सत्यवानकाकांनी हात जोडून आवाज लावला, "बा रवळनाथा म्हाराजा! तीन दीस तुझो गाव तुझ्या शब्दार ऱ्हवलो. आता ह्या तुझ्या लेकीचो, इळूबायचो, कागद खंय अडाकलो आसात, तो तू सोडव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव.

"तिचो पाय ह्या मातयेतसून हालू देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इलोना उभ्या उभ्या रडली. असं रडू देवाने सगळ्यांना द्यावं, असं तिला तेव्हा वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जबाबाचे कागद घेऊन विनीताकडे गेली. विनीताने चहा दिला, खायला शिरवाळे दिले. कागद पाहिला आणि ओढणीने हात पुसत राहिली.

"सही करूक माझा काय जाता गो? पण आमच्या होमस्टेचा लायसन अजून झालेला नाय. पोलिसांच्या कागदार नाव गेला की आधी आमचाच दार वाजतला. तू दुसऱ्या कोणाची घे ना."

दुसऱ्या घरी मुलगा मुंबईला होता, त्याला विचारल्याशिवाय सही नाही. तिसऱ्या घरी चष्मा सापडेना. पुढच्या दारी माणूस आत होता, चपला बाहेर होत्या आणि बायको म्हणाली, बाजारात गेलेत. गुरुप्रसादबुवा आपणहून धावत आले, पण बुवा शेजारच्या गावचे. त्यांचा जबाब शेजाऱ्याचा धरत नव्हते.

शेवटी सत्यवानकाका. त्यांनी कागद हातभर लांब धरून पूर्ण वाचला, घडी घातली आणि तिच्या हातात परत दिला.

"तुका म्हायत आसा, नातवाचो पासपोर्ट लागलोहा. त्येचीय चौकशी येतली. अशा वेळी परदेशी माणसाच्या भानगडीत माझी सही दिसली तर? उद्या काय कमीजास्त झाला तर?"

"काका, भानगड कसली? मी हयसर ऱ्हवतंय, एवढाच लिवचा आसा."

"ता देवाक म्हायत आसा ना! देवाक सांगलंव की आमी."

"कार्यालयात देव बसत नाय, काका."

"तसा बोलू नये गो." मग जरा नरमून, नजर चुकवून म्हणाले, "राग मानू नको. कितीय झाला तरी तू भायरची. तुका परत जावक घर आसा. आमका हयच ऱ्हवचा आसा."

इलोनाने घडी घातलेला कागद पिशवीत ठेवला. अडकित्ता तिथेच होता, सुपारीही तीच.

कार्यालयात कारकुनाने पिशवीतले कागद चाळले. "जबाब कुठेत?"

"नाहीत."

"एवढ्या मोठ्या गावात दोन माणसं नाहीत?"

त्या दिवशी तो हसला नाही, शिक्काही मारला नाही. अर्ज नामंजूर झाला. देश सोडून जाण्याचा परवाना मात्र झटकन आला. त्याला कुणाचाच जबाब लागला नाही.

निघायच्या दिवशी रिक्षा व्हाळापलीकडे उभी होती. अख्खा गाव पोचवायला आला. विनीताने ओटी भरली, कुणी आमसुलं दिली, कुणी काजू दिले. पिशव्या मावेनात. बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या आणि ते रडू खोटं नव्हतं. कडू होतं ते हेच. खोटं असतं तर तिला सोपं गेलं असतं.

सत्यवानकाकांनी हात जोडले. "बा रवळनाथा म्हाराजा…"

"नको, काका," इलोना म्हणाली. "गाऱ्हाणा नको. त्या दिवशी सगळो गाव माझ्याबरोबर भायर इल्लो. आज मी एकटी जातंय. देवाक ता दिसताच."

तिने चप्पल हातात घेतली आणि व्हाळ ओलांडला. मागे पाण्यात आणखी एक पाऊल वाजलं. हौसाबाई, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, बडबडत येत होती, "थांब गो! ठेसनापर्यंत येतंय मी. बुवा काय म्हणालेले? नदीपर्यंत सगळे येतत. माका पलीकडे येवक कोण अडवता ता बघतंय."

नांदगाव स्टेशनच्या बाकावर दोघी बसल्या. हौसाबाईने डब्यातून घावणे काढले. गाडीला वेळ होता. इलोनाने झांज पिशवीतून काढून तिच्या मांडीवर ठेवली. "बुवांक दी." हौसाबाईने ती परत पिशवीत कोंबली. "थंय कोण देव नाय काय? वाजव थंय."

तेवढ्यात फोन वाजला. सत्यवानकाका.

"इळूबाय, गाडी इली काय? नाय ना? बरा झाला. अगो, आताच पोस्टमन इल्लो. नातवाचो पासपोर्ट इलो! रवळनाथ पावलो बघ." आवाज आनंदाने फुटत होता. "आता त्येका तुमच्या बाजूक शिकूक जावचा आसा. एजंट म्हणता, थंयच्या कोणा माणसान लिवन दिल्यान, 'ह्येका मी वळाखतंय, ह्यो माझ्याकडे ऱ्हवतलो,' तर व्हिसा बेगीन होता. तू आपली म्हणान सांगतंय. नुसती एक सही गो. करशीत ना?"

इलोनाने फोन कानापासून जरा दूर धरला. रुळांपलीकडे काजूची झाडं मोहरली होती. तिने डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि देवळासमोर लावतात तसा मोठा आवाज लावला. फलाटावरची माणसं वळून बघू लागली.

"व्हय म्हाराजा!"

आणि फोन बंद करून पिशवीत, झांजेखाली, ठेवून दिला.