मला दरवर्षी पुरायचे

मित्रांनो, आधीच सांगतो, मला बिचारा म्हणायचं नाही. मी एक जुना बास आहे. माणसाहून उंच, चार तारांचा, व्हायोलिनच्या घराण्यातला सगळ्यात थोरला. युरोपातल्या मोराव्हिया प्रांतात, आमच्या खेड्यात एका सुताराने मला घडवलं. त्याचा हात कपाटांवर बसलेला. लोक हसले, "मातेय, यात कपडे ठेवणार का रे?" माझा मालक मातेय कुबीक म्हणाला, "हसून घ्या. रविवारी तुमचेच पाय तुमचं ऐकणार नाहीत."

नाहीच ऐकले. मातेय पोल्का, म्हणजे उड्या घेत नाचायच्या चाली, रचायचा, व्हायोलिन वाजवत उभ्याउभ्या अख्खा ताफा हाकायचा, आणि खालून ठेका माझा. पंचक्रोशीत आमच्याशिवाय लग्न लागत नसे.

एक रीत मात्र मला डाचायची. ईस्टरआधीचा मोठा उपास लागायच्या आदल्या दिवशी गावकरी मला पांढऱ्या चादरीत गुंडाळून खोटी अंत्ययात्रा काढत. बायका खोटंखोटं रडत, पुरुष माझी पापं वाचून दाखवत. मग ईस्टरपर्यंत कुणी मला हात लावायचा नाही. माझा गुन्हा काय, तर लोकांना नाचवलं.

एका वर्षी त्याच उपासात मातेय गेला. जाताना बायकोला, अपोलेनाला म्हणाला होता, "मला पोल्का वाजवत पोचवा."

दफनाच्या दिवशी ताफ्याने मलाही चादरीसकट सोबत नेलं, पण कबरस्तानाच्या फाटकाशी फादर आडवे आले. "उपासात पोल्का? जमायचं नाही."

बास वाजवणारा ब्लाझेय मागे सरला. "वहिनी, पाप लागेल."

अपोलेनाने माझ्यावरची चादर ओढून काढली. "फादर, हा बास थट्टेत मेलाय. माझा नवरा खरंच मेलाय."

आणि तिने स्वतः गज उचलला. तिला कुठे वाजवता येत होतं! सूर पार बिघडले, पण ठेका मी चुकू दिला नाही. शवपेटी उचललेल्यांची पावलं त्यावर पडू लागली. मागून कुणीतरी मातेयची चाल गुणगुणलं, मग सगळेच. फादर बाजूला झाले.

पुढे वर्षभर मला गुत्त्यातल्या नाचाला बंदी झाली. पश्चात्ताप? अजिबात नाही.

आता मी संग्रहालयात काचेआड असतो. माझी धूळ पुसतात, तारा मात्र सैल करून ठेवल्यात. याला म्हणे जपणं म्हणतात. अहो, मातेयच्या पोल्का कागदावर कधी उतरल्याच नाहीत. वाजल्या नाहीत तर तो दुसऱ्यांदा मरेल, आणि या वेळी कायमचा. मित्रांनो, मला जपायचंच असेल तर काच उघडा, तारा आवळा, गज घ्या. बेसूर वाजलं तर वाजू द्या. ठेका मी सांभाळतो.