तळव्याला सोसलं की झालं

"आत्याबाई, नुसतं लावू नका. चमचाभर गोड्या तेलात एकच थेंब, आसं लिवलंय हितं." वनिता बाटलीवरचा कागद वाचत होती.

सून शिकलेली, तिला कागदाशिवाय काही कळत नाही. मी बाटली काढून घेतली. "निम्म्या पासली गावाला म्या न्हाऊमाखू घातलंय. तवा तुझा कागद कुठं व्हता?"

दालचिनीचं तेल, करंगळीएवढ्या बाटलीत. भोरहून तिनंच आणलेलं. मालकांचे पाय गार पडायचे. बारा वर्षांचा साखरेचा आजार. चप्पल पायातून निसटली तरी दुसऱ्यानं सांगावं लागायचं.

माझी रीत एकच. कुठलंही तेल आधी माझ्या हाताच्या तळव्यावर. तळव्याला सोसलं की माणसाला सोसतं. पाच थेंब घेऊन चोळले. जराशी ऊब आली, बस. मग उरलेली बाटली मालकांच्या उजव्या पावलावर जिरवली आणि वर लोकरीचा मोजा चढवला.

"आग व्हती का वो?"

"लावलंस व्हय?" मालक म्हणाले. "मला वाटलं, नुसतीच धरून बसलीयास."

दुसऱ्या दिवशी दुपारी मोजा काढला, तर कातडी मोज्याबरोबर आली.

भोरच्या डॉक्टरीणबाईंनी पाय बघितला आणि मग माझा हात मागितला. तळव्यावर सुई टोचली.

"आजी, दुखतंय?"

"काय?"

चुलीतला निखारा मी हातानं सारते. विळ्यानं, खुरप्यानं तळव्याला घट्टे पडलेले. बाई सावकाश म्हणाल्या, तळवा नाही, कोपराच्या आतली बाजू बघायची, आणि तेही तेल पातळ करून, एक दिवस थांबून. ज्या पायाला कळत नाही, त्याला असलं तेल लावायचंच नाही. आवाज चढवला नाही त्यांनी. शिव्या दिल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं.

आधी मालकांच्या पायाची दोन बोटं काढली. जखम भरलीच नाही. आता सोमवारी पुण्याला गुडघ्याखालून पाय काढणार आहेत.

काल भामाबाई नातवाला न्हाऊ घालायला बोलवायला आली. म्हटलं, "दुसरी बघ. माझा हात आता बहिरा हाय."

"आगं, तुझ्याबिगर कोण हाय गावात?"

मी दाराची कडी लावून घेतली.

आज मालक म्हणाले, "पाय लई आवघडलाय. चोळ जरा."

पळीत साधं गोडं तेल कोमट केलं. सवयीनं तळव्यावर घेतलं आणि थांबले. वनिता भाकरी थापत होती. तिला हाक मारली. पळी तिच्याकडं सरकवली. तिनं पिठाचे हात पुसले, बाही वर केली आणि कोपर माझ्यापुढं धरलं.

"चालंल, आत्याबाई."

मी गुडघा चोळला. पोटरीपाशी हात आपोआप थांबला.

"खाली बी चोळ की," मालक म्हणाले. "सोमवारपातूर हाय त्यो."

पट्टीच्या काठापर्यंत सगळी पोटरी चोळली.