तारणाची तारीख

आमच्या मंडळीत बाप्तिस्म्याआधी सगळ्यांसमोर साक्ष द्यावी लागते, आणि साक्षीत तारणाची, म्हणजे येशूला आपलं मानलं त्या दिवसाची, तारीख सांगावी लागते. नवऱ्याची तारीख पक्की आहे: ट्रक उलटला तो मंगळवार, दुपारी सव्वाचार. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. मी मात्र आईच्या मांडीवर प्रार्थना शिकले. येशू माझा नव्हता असा दिवसच आठवत नाही. मग माझं तारण झालं कधी? की झालंच नाही? या धास्तीनं पंचेचाळिशीपर्यंत बाप्तिस्मा टाळला. शेवटी येत्या रविवारी साक्ष द्यायचं ठरलं, आणि या आठवड्यात ब्लाउज शिवताना दोन बाह्या उलट्या लावल्या.

"दे एखादी तारीख ठोकून," नवरा म्हणाला. "देव काय कॅलेंडर घेऊन बसलाय?"

"अहो, त्याच्यापुढेच खोटं बोलू?"



रविवारी नाव पुकारलं तेव्हा मी उठून पुढे गेले. "माझा विश्वास आहे," मी म्हणाले. "पण तारीख नाही."

पाळकांनी पेन खाली ठेवलं. "ताई, पुढच्या वेळी बघू," ते हळूच म्हणाले.

मी पाळकांच्या पत्नीशेजारी जाऊन बसले. त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात माझ्याहून गार होता.

"यांना कळू देऊ नका," त्या पुटपुटल्या. "मी माझ्या साक्षीत जी तारीख सांगते ना, ती धाकट्या बहिणीच्या वाढदिवसाची आहे."

पुढची साक्ष सुरू झाली. त्यांनी हात सोडला नाही, आणि मलाही सोडवेना.