कोरडं पायपुसणं

मास्तरांच्या उजव्या पायाची दोन बोटं दोन वर्षांपूर्वी गेली. डावा पाय मात्र पाचही बोटांसकट धडधाकट होता, आणि त्याच पायावर त्यांचं शिलाई मशीन चालत होतं. हा पाय वाचवायचा, एवढं एकच काम त्यांच्या मुलीने अंगावर घेतलं होतं. ती ते इतक्या इमानाने करायची की शेजारीपाजारी म्हणत, पोरगी असावी तर अशी. शेजाऱ्यांचं काय जातं म्हणायला!

साखरेने मास्तरांच्या पावलांतली जाणीव पार खाऊन टाकली होती. गरम लागलं, टोचलं, कापलं, कशाचाच पत्ता लागत नसे. उजव्या पायाचं सगळं सुरू झालं ते बोटांमधल्या चिखल्यांपासून. बेचक्यांत ओल राहिली, तिथे बुरशी धरली, मग भेग पडली, भेगेत पू झाला आणि शेवटी बोटं कापावी लागली. पट्टी बदलणाऱ्या सिस्टरांनी मुलीला बाजूला घेऊन विचारलं, की आंघोळीनंतर हे पाय कशावर ठेवतात? ती म्हणाली, पायपुसण्यावर. सिस्टर म्हणाल्या, मग घरी जाऊन ते एकदा उलटं करून बघा.

तिने बघितलं. पायपुसणं मास्तरांनीच शिवलेलं होतं. उरलेल्या जाड कापडाचे तुकडे एकावर एक रचून, कडेने गोट मारून ते अशी पायपुसणी शिवत आणि सगळ्या इमारतीत वाटत. वरून कसं छान रंगीबेरंगी. खालून काळे ठिपके आणि कुबट वास. ती गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगवर होती. तिथे डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, आणि नखात मळ दिसला तर दारातूनच घरी. आणि इथे खुद्द बापाच्या पायाखाली हे! तिने घरातली होती नव्हती तेवढी पायपुसणी पिशवीत भरली आणि कचऱ्यात टाकून आली. धुऊन घेतली असतीस तरी चाललं असतं, असं मास्तर चाचरत म्हणाले. मग मशीनवर जाऊन बसले.

त्यानंतर घरात पायपुसण्यांची रीघ लागली. आधी रबराच्या तळाचं आलं, ते कढत पाण्यात दोनदा धुतल्यावर त्याची सालपटं निघू लागली. मग स्पंजाचं आलं, त्याच्यावर पाय ठेवला की कालचं पाणी वर यायचं. शेवटी टॉवेलच्या कापडाची सात पातळ पायपुसणी आणली, रोज एक. पण गॅलरीत ऊन यायचं कसंबसं तासभर. ढगाळ दिवसांत ती मास्तरांना पायपुसण्यांवर इस्त्री फिरवायला सांगे. आयुष्यभर लोकांच्या पँटींना क्रीज पाडली, आता पायपुसण्यांना पाडतोय, असं म्हणत मास्तर हसत. तिला हसू येत नसे. ती हात लावून बघायची आणि म्हणायची, मधे दमटच आहे.

मग कारखान्यातल्या एका बाईने दगडी पायपुसण्याचं सांगितलं. कसल्याशा मातीची दाबून केलेली फरशीच ती, बोटभर जाड, फिक्या राखाडी रंगाची. ओले पाय ठेवले की ठसे उमटत आणि बघता बघता नाहीसे होत. एका ठशाला पाच बोटं, एकाला तीन. पहिल्या दिवशी तिने मास्तरांना चारदा पाय ओले करायला लावले. इतक्या दिवसांनी घरात कुणाला तरी काहीतरी पटलं होतं.

दगडाची बडदास्त मोठी होती. साबण लावायचा नाही, वापरला की भिंतीला उभा करायचा, आणि त्याचं पाणी पिणं मंदावलं की सोबत आलेल्या पॉलिश पेपरने वरचा थर घासून काढायचा. दर रविवारी ती फतकल मारून तो घासायची, आणि मग टॉर्च घेऊन बापाच्या बोटांच्या बेचक्या तपासायची, एकेक. मास्तर तिला इन्स्पेक्टर म्हणायला लागले. दगडावर कधी तेलाचं बोट किंवा चपलेचा ठसा दिसला, की ती जे बोलायला सुरुवात करायची ते स्वयंपाक होईपर्यंत थांबत नसे. दुष्ट नव्हती ती. भ्यायलेली होती, आणि भ्यायलेल्या माणसाची जीभ फार लागते.

सात महिने एक चिखली झाली नाही. सिस्टरांनी रांगेतल्या बाकीच्यांना बोलावून मास्तरांचे पाय दाखवले. त्या दिवशी घरी येताना ती रस्ताभर बोलत होती. तिच्या नशिबातला चांगला दिवस म्हणायचा तर तेवढाच.

चूक कुठे झाली ते नंतर कुणालाही सांगता आलं असतं. ती बेचक्या बघायची. टाच कोण बघतो? एकदा उभा केलेला दगड आडवा पडला आणि त्याची कड उडाली. तिने ती पॉलिश पेपरने घासली, हात फिरवून बघितला आणि म्हणाली, झाली गुळगुळीत. तिच्या हाताला ती गुळगुळीतच होती. पण मास्तर पाय उचलून टाकत नसत, ओढत नेत, आणि त्यांची डावी टाच रोज सकाळी त्या कडेवरून खरवडत जायची. त्यांना काही कळत नव्हतं.

पुढे घरात वास यायला लागला. तिने मोरीत कढत पाणी ओतलं, डबे उपसले, कपाटामागे मेलेला उंदीर शोधला, दगड नाकाला लावून हुंगला. दोन दिवस ती घर घासत होती. तिसऱ्या दिवशी मास्तरांना ताप चढला. त्यांच्या अंगावर पांघरूण घालायला ती पायांशी वाकली, आणि वास कुठून येतोय ते तिला कळलं. टाचेच्या जाड कातडीत शर्टाच्या बटणाएवढं भोक होतं. आत किती खोल गेलंय ते दिसत नव्हतं.

हाडापर्यंत गेलं होतं. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून दाखवला आणि गुडघ्याखाली कापावा लागेल म्हणून सांगितलं, तेही उद्याच. सिस्टरांनी तिला विचारलं, की जखम वाहत असणार, त्या फिक्या दगडावर कधी काही दिसलं नाही? ती फणकारली. दर रविवारी मी स्वतः बघते, म्हणाली, एक डाग नसतो त्याच्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांना हिरवा गाऊन घातला, चष्मा काढून तिच्या हातात दिला आणि त्यांची स्ट्रेचरची गाडी ऑपरेशन थिएटरच्या दाराशी आणून उभी केली. आतलं आटपायला वेळ होता. मास्तर छताकडे बघत होते.

"तुला एक सांगायचं राहिलं," ते म्हणाले. "त्या दगडावर डाग पडायचा. तपकिरी, नाण्याएवढा."

"कधी?"

"झाला असेल महिना. जास्तच. तू कामावर गेलीस की मग मी आंघोळ करायचो, तेव्हा दिसायचा. मला वाटलं, माझ्याच पायाची घाण. तू आधीच दमून येतेस, त्यात हे बघून चिडशील. मग मीच पॉलिश पेपरने काढून टाकायचो. छान निघायचा."

शेवटचे दोन शब्द ते जरा अभिमानाने बोलले. आयुष्यभर हाताचं काम केलेला माणूस.

तिच्या डोळ्यांपुढे ते उभं राहिलं. सत्तरीचा बाप, ज्याला खाली बसताना खाट धरावी लागते, तो बाथरूमच्या दारात गुडघे टेकून स्वतःचं रक्त घासतोय, आणि ते पोरीच्या भीतीने. इतकं स्वच्छ घर तिने केलं होतं. तिला राग हवा होता, पण तो काढायला समोर कुणीच नव्हतं. ती गाडीची दांडी धरून उभी राहिली.

"चुकलंच माझं," मास्तर म्हणाले. "तुला सांगायला हवं होतं."

"नाही बाबा," ती म्हणाली.

आतून एक सिस्टर निळं पेन घेऊन आली. तिने कागद बघितला, पांघरूण बाजूला केलं, मास्तरांच्या नडगीवर खुणेचा मोठा बाण काढला आणि पेनाला टोपण लावत परत आत गेली.

"काढला का काही?" मास्तरांनी विचारलं.

"हो. बाण काढलाय."

"मला लागलंच नाही गं." त्यांनी मान उचलायचा प्रयत्न केला. चष्म्याशिवाय त्यांना तिचा चेहराही धड दिसत नव्हता. "तू बघ नीट. बरोबर पायावर काढलाय ना?"

तिने वाकून बघितलं. पाच बोटं होती, खाली टाचेला पट्टी होती.

"बरोबर आहे," ती म्हणाली, तेव्हा कुठे त्यांनी डोकं उशीवर टेकलं.